गार अंडं

फ्रिजमधलं गार अंडं हातात घेतलं की म्हैसूरच्या आमच्या परसातली म्हातारी तांबडी कोंबडी आठवते. तिनं अंडी घालणं सोडलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मारीहब्बाच्या जत्रेत देवीपुढे कापू."

सकाळी मी कोंड्याच्या डब्यातलं, दुसऱ्या कोंबडीचं आदल्या दिवशीचं गार अंडं गुपचूप तिच्या टोपलीत ठेवलं. आईनं ते उचललं. नुकतं घातलेलं अंडं हाताला ऊब देतं, हे तिला पक्कं माहीत. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "अजून बेच्चगे आहे बघा, ऊन ऊन. घालती की ती."

आई फसली म्हणून मी खूश झाले होते.

आता माझेच हातपाय थकलेत. 'आजीकडून काय होतंय आता,' असं घरात कुणी म्हणालं की वाटतं, माझ्यासाठीही कुणीतरी एवढं खोटं बोलावं.