आंटीच्या दुकानात तीन वर्षं उभा

गोंदियाच्या फलाटावर छोट्या लाइनची गाडी उभी होती आणि खिडकीच्या गजांतून बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. चीनच्या लढाईनंतरचा तो हिवाळा. जबलपूरच्या लष्करी फॅक्टरीत भरती निघाली होती आणि तिरोड्याच्या शाळामास्तराच्या थोरल्या पोराला बोलावणं आलं होतं. आई स्टेशनवर आली नव्हती. तिनं घरीच चिवड्याचा डबा हातात दिला आणि तोंड फिरवलं. बाबा मात्र गोंदियापर्यंत आले, आणि गार्डानं शिट्टी मारायच्या आत त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "म्हण, दारू पिणाऱ्यांच्या टेबलाला बसणार नाही." मी म्हटलं. "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हटलं. वर्गात पाढे म्हणवून घ्यावे तसं त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं, आणि तिसऱ्या वेळी समोरच्या बाकावरचे एक म्हातारबुवाही माझ्यासोबत म्हणाले. अख्खा डबा हसला. बाबा नाही हसले. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, मोहाच्या दारूत गेला होता, आणि त्याला खांदा देऊन वर्षही झालं नव्हतं.

हे मी तिरोड्यात राहिलेल्यांसाठी लिहून राहिलो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून पुण्याला, बंगलोरला, पार कॅनडाला गेलेल्यांसाठीही. फोनवर तुम्ही दरवेळी विचारता, "नाना, तिकडे कसं हो लागलं तुमचं मन?" तर ऐका. माझं मन एका दारूच्या दुकानात लागलं. चलो, आता दचकून घ्या, मग पुढचं वाचा.

फॅक्टरी तेव्हा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालायची, आणि आम्हा नव्या लोकांच्या नशिबी कायम रात्रपाळी. सकाळी सातचा भोंगा झाला की फाटकातून सायकलीच सायकली. जगाची सकाळ ती आमची संध्याकाळ. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी जे करतो ते आम्हाला सकाळी करायचं असायचं, आणि ही गोष्ट अख्ख्या शहरात एकाच बाईला कळली होती. पिंटो आंटी. रेल्वेतल्या गार्डाची विधवा. नवरा गेल्यावर तिनं छावणीतल्या सदर बाजारात राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बार काढला होता. बाकीचे बार दिवे लागल्यावर उघडत, आंटीचा सकाळी सातला. एका बशीत पोहे-जलेबी, बाजूला रमचा ग्लास. बाहेर शाळेची मुलं दप्तरं घेऊन चालली आहेत, दूधवाला सायकलची घंटी वाजवून राहिला आहे, आणि आत फिटर-टर्नर मंडळी शर्टाच्या बाह्या वर करून निवांत गप्पा मारत बसली आहेत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपण वेड्यांच्या गावात आलो.

तुम्ही तिथं गेलातच काहून, असं विचाराल. गेलो माझ्या उस्तादांपायी. मिश्राजी त्यांचं नाव. लेथ मशीनवर त्यांच्यासारखा हात पूर्ण वर्कशॉपमध्ये कोणाचा नव्हता. माझी ट्रेड टेस्ट सहा महिन्यांवर होती. पास झालो तर पक्का, नाही तर चिवड्याचा रिकामा डबा घेऊन परत तिरोडा. पण मशीनच्या आवाजात उस्ताद तोंड उघडत नसत. शिकवायचे ते आंटीकडे, पहिला ग्लास रिकामा झाल्यावर. खिशातून खडूचा तुकडा काढायचा आणि सरळ टेबलावर ड्रॉइंग. कोन किती ठेवायचा, टूल कुठं लावायचं, एका वेळी किती कापायचं, सगळं त्या टेबलावर. जो टेबलाशी नाही त्याला विद्या नाही.

म्हणजे शब्द पाळावा तर नोकरी जाते आणि नोकरी धरावी तर शब्द जातो. तीन दिवस मी आंटीच्या दुकानाबाहेर सायकल धरून उभा राहिलो. चौथ्या दिवशी डोक्यात आलं, बाबांनी बसू नको म्हटलं आहे, उभं राहू नको असं कुठं म्हटलं? तसाच आत गेलो आणि उस्तादांच्या खुर्चीमागे उभा राहिलो.

बारा तास मशीनपुढे उभा, वर दीड तास आंटीकडे उभा. उभ्यानं पोहे, उभ्यानं चहा. आठवड्याभरात माझं नाव पडलं, खड़े बाबू. काय काय नाही म्हणायचे लेकाचे! "अरे, खड़े-खड़े पी ले, क़सम भी नहीं टूटेगी!" आणि खरं सांगतो, तसं पाहिलं तर ते बरोबर होतं. पिणार नाही असा शब्द बाबांनी घेतलाच नव्हता. तेवढी शंकासुद्धा त्यांना आली नव्हती. म्हणूनच नाही प्यायलो. आंटी चिडायची. "मेरी कुर्सी में काँटे लगे हैं क्या?" पण एका सकाळी गेलो तर भिंतीवर माझ्या कोपराच्या उंचीवर एक फळी ठोकलेली. बशी ठेवायला. त्या परक्या शहरात माझ्यासाठी म्हणून कोणी केलेली ती पहिली वस्तू, अन् मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

टेस्ट पास झालो, पक्का झालो, तरी आंटीकडे जाणं सुटलं नाही. तिथं माझी माणसं होती. घरी मात्र लिहायचो, 'सकाळी सदरला नाश्ता करतो.' खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि प्रत्येक पत्राला ते टोचायचं.

मग पासष्टची लढाई आली. ब्लॅकआउटसाठी आंटीनं खिडक्यांच्या काचांना निळा कागद चिकटवला आणि सकाळच्या उन्हात आमचे पोहे निळे दिसू लागले. त्याच सुमारास तिरोड्याचा कोणी एक गृहस्थ सदरला आला होता. त्यानं मला सकाळी साडेआठला बारमधून बाहेर पडताना पाहिलं आणि गावी जाऊन इमानेइतबारे सांगितलं. बाबांचं कार्ड आलं, दोन ओळींचं. 'शब्द मोडल्याचे कळले. यापुढे पत्र पाठवू नये.' मी लिहिलं, 'बाबा, मी बसलो नाही.' आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं पोरांचे बहाणे ऐकलेल्या मास्तराला हे उत्तर कसं वाटलं असेल? मी आणखी तीन पत्रं टाकली. लढाई थांबली, दिवाळी आली नि गेली, घरून दरवर्षी येणारा चिवड्याचा डबा आला नाही. त्या दिवाळीला मी क्वार्टरचं दार लावून लहान पोरासारखा रडलो. जिथं पत्रही पाठवायचं नाही म्हणून सांगितलंय ते आपलं गाव, असं कसं चालेल?

आणि एका सकाळी बाबा आंटीच्या दारात उभे. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. गाडीतून उतरून क्वार्टरवर गेले होते. शेजारणीनं भोळेपणानं पत्ता दिला होता. माझ्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. बाबांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलाला आठ माणसं बसलेली, त्यांच्यापुढे आठ ग्लास. आणि भिंतीशी, फळीवर बशी ठेवून, त्यांचा मुलगा उभा.

"काहून उभा आहेस रे?"

"शब्द दिला होता ना, बाबा."

बाबा काही बोलायच्या आत आंटी काउंटरमागून बाहेर आली. "अच्छा, तो आप हैं वो क़सम वाले मास्टरजी! तीन साल से आपका लड़का मेरे घर में खड़ा है. मेहमान को कोई ऐसे खड़ा रखता है? मेरी इज़्ज़त का क्या?" बाबांना चारचौघांत आजवर कोणी असं झापलं नव्हतं. ते गडबडले, आणि गडबडले की कुठंतरी पाहायचं म्हणून त्यांनी टेबलाकडे पाहिलं. तिथं खडूनं ड्रॉइंग काढलेलं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत जाणारा दांडा, आणि खाली उस्तादांचं गणित. बाबा वाकले. चष्मा वर केला. म्हणाले, "भागाकार चुकला आहे."

बाबांनी धोतराच्या सोग्यानं आकडे पुसले, उस्तादांच्या हातातला खडू मागून घेतला आणि पुन्हा मांडले, सावकाश, वळणदार, फळ्यावर मांडावे तसे. मिश्राजींनी दोन्ही कान धरले. "हाथ मेरा, हिसाब आपका, मास्टरजी."

बाबा हसले. गोंदियाला न हसलेलं हसू तीन वर्षांनी सदरला हसले. मग आंटीनं सरकवलेल्या खुर्चीवर ते स्वतः बसले, दारू पिणाऱ्यांच्या टेबलाला, आणि मला म्हणाले, "उभं राहायची शिक्षा मी रोज देतो शाळेत. तीन वर्षांची कोणाला दिली नव्हती बाप्पा. ये, बस आता." मी बसलो. आणि पोह्यांवर टपटप रडलो, आठही जण बघत असताना. परत जाताना बाबांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आईसाठी खोव्याची जलेबी घेतली, आणि घरी म्हणे सांगितलं, सदरला शाळा चांगली आहे.

पुढं एकाहत्तरनंतर पाळ्या कमी झाल्या, सकाळचं गिऱ्हाईक आटलं. आंटी मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेली. तीही गाव सोडलेल्या आपल्यातलीच झाली म्हणा. तिच्या बारच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. मग कूलर लावलेले, पडदे ओढलेले बार आले. भर दुपारी आत गेलं तर माणसाला माणूस दिसायचा नाही. जणू सगळ्यांनीच आपापल्या बापाला शब्द दिला होता. मग दारूच्या दुकानांना लागून बसून प्यायचे अहाते आले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नि उकडलेले चणे, तेही सरकारनं बंद केले. मी आत जाऊन कुठंच बसलो नाही. कोणी ओळखीचं नव्हतं.

गेल्या महिन्यात नात आली, सई, बंगलोरहून. तिला मराठी सगळी समजते, बोलते हिंदीतून. म्हणाली, "नाना, चलो ना, नया पब खुला है सदर में." भर दुपारी गेलो. मोठ्या मोठ्या काचा, निळा कागद नाही की पडदा नाही. रस्त्यावरचे लोक आत पाहून राहिले, आतले बाहेर. मुली, मुलं, एक जोडपं तर बाळाला घेऊन. दाराशी फळ्यावर खडूनं लिहिलेला मेन्यू. आणि भिंतीभिंतीला, बरोबर कोपराच्या उंचीवर, लांबच लांब फळ्या. त्यांवर ग्लास ठेवून सगळी पोरं मजेत उभी! मी तिथंच मोठ्यानं हसायला लागलो. अख्खं दुकान खड़े बाबूंचं झालं होतं. सईला फळ्यांकडे बोट दाखवून सगळं सांगितलं, बाबा, आंटी, भागाकार. ती हसली, आणि मग डोळे पुसले.

नंतर तिनं विचारलं, "लेकिन नाना, आपका घर कौन-सा? तिरोडा या जबलपुर?"

साठ वर्षांत मला हे कोणी सरळ विचारलं नव्हतं. मी आपला उभ्याउभ्या विचार करू लागलो. सई तोवर आत गेली, तिथल्या उंच स्टुलांवर माझ्यानं चढवणार नाही म्हणून किचनमधून एक साधी लाकडी खुर्ची उचलून घेऊन आली, आणि माझ्यामागे ठेवून म्हणाली, चक्क मराठीत म्हणाली, "आधी बसा."

मी बसलो.