दाजींचा ठिपका आणि माझा गार कॅमेरा

तरुणपणी झरीच्या शेतात ज्वारी राखताना दाजी मचाणावर उताणे पडून आभाळ बघायचे. मृग नक्षत्रातल्या तिकांड्याचे तीन तारे त्यांनीच मला ओळखायला शिकवले, आणि त्याखालचा धुरासारखा पुसट ठिपकाही. पुढं साखरेच्या दुखण्यानं त्यांचे डोळे धरले. आधी ठिपका गेला, मग बारके तारे जायला लागले.

मी म्हणजे अक्काकडं, बहिणीकडं, फुकटचा हुरडा खायला गेलेला मेहुणा. तोंडात घास असतानाच बोलून बसलो, "दाजी, लॅपटॉपवर चालणारा कॅमेरा घेतो. माझ्या दुर्बिणीला लावला की तो एकटक बघत राहतो, प्रकाश साठवत राहतो. तुमचा ठिपका ताटाएवढा करून दाखवतो."

"डोळे हायेत तवर दाखीव म्हणजे झालं," दाजी म्हणाले.

झालं, मी कॅमेरा निवडायला बसलो. रंगीत घ्यावा की काळा-पांढरा, इथपासून सुरुवात. मग कुठंतरी वाचलं, कॅमेरा तापला की फोटोवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. आणि आपली परभणी! मे महिन्यात नळाला चहाचंच पाणी येतं. ठरवलं, घ्यायचा तर आतून गार होणाराच. दोन पसंत पडले. सकाळी एक आवडायचा, संध्याकाळी दुसरा.

इकडं कडाक्याची थंडी पडलेली. माझी अडचण ऐकून शेकोटीपाशी दाजी हसत सुटले. "पाव्हणं, आमचे दात वाजायलेत, अन् तुमच्या कॅमेऱ्याला गार करायचं मशीन पायजे?"

अक्का आतून म्हणाली, "बायको एका चहात पसंत केली ह्यानं. कॅमेऱ्याला हिवाळा पुरंना!"

सगळे हसले, मीही हसलो. त्या थंडीत साधा कॅमेरा सुखानं चालला असता, हे मला कळत होतं. पण निवडण्यातच मला इतकी गोडी लागली होती की कॅमेरा कशासाठी घ्यायचा, ते मागंच पडलं.

शेवटी गार कॅमेरा आला तेव्हा ऊन तापलं होतं आणि तिकांडं दिवस मावळताच पश्चिमेला टेकायला लागलं होतं. "पुढच्या हिवाळ्यात बघू," मी म्हणालो. आभाळाच्या बाबतीत ते बरोबरच होतं.

पुढच्या हिवाळ्यात फोटो निघाला. इतका सुरेख की माझाच विश्वास बसेना. लॅपटॉप काखेत मारून झरीला गेलो. अक्कानं दाजींना हाताला धरून ओसरीवर आणून बसवलं. लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला, बटण दाबलं. तो सुरू व्हायला वेळ घेतो.

दाजी थोडे पुढं झुकले. पडद्याच्या जरा डावीकडं बघत मान हलवली.

"लय झ्याक आलाय की रे," ते म्हणाले. "जसा व्हता तसाच."

पडदा अजून काळाच होता. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मी लॅपटॉपकडं.

"हो ना, दाजी," मी म्हणालो.