विजयश्रीची एकवीस पाकिटं

खोटं कशाला बोलू, माझ्या धाकट्या जावेचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. आजकालचं नाही हे, दहा वर्षांचं जुनं दुखणं आहे. आम्ही मोशीला एकाच बिल्डिंगीत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. सासूबाई माझ्याकडं असतात. दार उघडलं की विजयश्रीचं घर दिसतं, आणि दार लावलं तरी तिचं कौतुक ऐकू येतं, कारण ते माझ्याच घरात बसून सासूबाई करतात.

विजयश्री लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. बार्शीकडची, बारावी झालेली, शांत पोरगी. मी तिला पिठात हात धरून शिकवलं. तेव्हा बरी होती माझी जाऊ. मग तिची तेजस्विनी वर्षाची झाली आणि माझ्या दिराची, नवनाथची, नोकरी गेली. ही बया कुणाला न विचारता चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागली. आता तिथं पर्मनंट आहे, हाताखाली नऊ बायका आहेत, आणि तिचा फोटो कंपनीच्या फळ्यावर लागतो. माझा फोटो आधार कार्डावर आहे, तो बघवत नाही.

तिचं काम किटिंगचं. म्हणजे काय, तर गाडी जोडताना एकेका माणसापुढं जे नट, क्लिपा, वॉशर लागतात ते मोजून, त्याच क्रमानं एका ट्रेमध्ये लावून द्यायचे. एक वॉशर कमी पडला तर अख्खी लाईन उभी राहते आणि साहेब लोक पळत येतात. विजयश्रीच्या ट्रेमध्ये चार वर्षांत एकही चूक निघालेली नाही. हे मला तिनं नाही सांगितलं. सासूबाईंनी सांगितलं, आणि एकदा नाही.

मी काय करते? चौदा पोरांचे डबे करते. सकाळी सातजणांचे, संध्याकाळी सातजणांचे. भोसरीपर्यंत जातात माझे डबे. कंपनीतली पोरं म्हणतात, काकू, गावाकडची आठवण येते. पण त्यांचा काही फळा नसतो.

आणि आणखी एक करते. तेजू मी वाढवली. कंपनीत पहिली पाळी असली की विजयश्रीची बस पहाटे सव्वापाचला येते. बस यायच्या आधी ती झोपलेल्या पोरीला उचलून आणायची आणि माझ्या पांघरुणात सरकवायची. आता तेजू अकरा वर्षांची आहे, स्वतःच उशी घेऊन येते. मला मोठी आई म्हणते. मला एकच मुलगा, गणराज. तो डिप्लोमाला आहे आणि माझ्याशी फक्त चार्जर कुठंय एवढंच बोलतो. तेव्हा तेजू कुणाची, हे ज्यानं त्यानं समजावं.

तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनी बंद असते. दरवर्षी आम्ही सातजण मिळून तेव्हा कुठंतरी जातो. सासूबाई, आम्ही दोघं, ती दोघं, आणि दोन पोरं. हॉटेलात राहायचं, पण सकाळची न्याहारी घरची न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. सासूबाईंना साखरेचा त्रास, त्यांना बाहेरचं चालत नाही. शिवाय हॉटेलवाले नऊशिवाय चहासुद्धा देत नाहीत आणि आमची माणसं सहाला उठून भूक भूक करतात. ही न्याहारी नेहमी माझी. धपाटे, चटणी, लाडू. सगळे माझ्याभोवती बसायचे आणि मी वाढायचे. त्या तीन सकाळींसाठी मी वर्षभर थांबायचे, असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या वर्षी घात झाला. दह्यात पीठ भिजवून केलेले धपाटे मी घाईत गरम गरमच डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वास. सगळे गुपचूप उठून समोरच्या गाड्यावर वडापाव खायला गेले. मला वाटलं, विसरले असतील. कसले विसरतात! यंदा महाबळेश्वरचं ठरलं आणि सासूबाई म्हणाल्या, "थोरले, तू ऱ्हाऊ दे गं यंदा. लय राबतीस. न्ह्यारीचं विजू बघंल."

राबतीस म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "बघू दे की. मला काय!" आणि आत जाऊन कणकेवर राग काढला. त्या दिवशी चौदाही पोरांना पोळ्या फार मऊ लागल्या म्हणे.

विजयश्रीनं काय केलं असेल? वही काढली. संध्याकाळी एकेकाला गाठून विचारलं, सकाळी काय खायला आवडतं, तिखट किती, शेंगदाणे चालतात का. माझ्या नवऱ्यानं, ज्ञानदेवरावांनी, तर तिच्यापुढं यादीच म्हणून दाखवली. बावीस वर्षांत मला कधी काही सांगितलं नाही या माणसानं. जे पानात पडेल ते गिळलं. मला विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, "मला काहीही चालतं." तिनं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. गेले. पलंगावर एकवीस पाकिटं ओळीनं मांडलेली. सात माणसं, तीन सकाळी. प्रत्येकावर नाव, दिवस, किती पाणी, किती मिनिटं झाकायचं. रवा भाजून, त्यात फोडणी, मीठ, वाळवलेला कढीपत्ता सगळं घालून ठेवलेलं. खोलीतल्या किटलीतलं उकळतं पाणी ओतलं की उपमा तयार. पोह्यांचंही तसंच. सासूबाईंचं नाचणीचं सत्त्व, बिनसाखरेचं. वास नाही, ओशटपणा नाही, खराब व्हायचं नाव नाही. एवढं सोपं! मी वीस वर्षं भल्या पहाटे उठून धपाटे थापत बसले आणि हिनं ते दोन संध्याकाळींत उरकलं. मला ती पाकिटं एकेक करून गॅलरीतून खाली टाकावीशी वाटली.

"ताई, जरा तपासून द्या ना," ती म्हणाली. "आमच्याकडं जी ट्रे भरते तिनं तो तपासायचा नसतो. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. दुसरीनं बघून सही करायची असते." आणि तिनं हसत हसत माझ्या हातात कागद दिला. एकवीस नावं, पुढं रकाना.

मी चष्मा लावला. चूक सापडावी म्हणून एकेक पाकीट उलटंसुलटं केलं. सापडत नव्हती, आणि मी आतून धुमसत होते. मग तेजूची पाकिटं हातात आली. शेवयांची खीर. भाजलेल्या शेवया, साखर, वेलची, बेदाणे, आणि दुधाची पावडर. तिन्ही दिवस तेच.

दुसरीत असताना शाळेत तेजूला दुधाच्या पावडरीचं काहीतरी दिलं होतं आणि ती घरी येऊन माझ्या अंगावर भडाभडा ओकली होती. तेव्हापासून पोरगी त्या पावडरीच्या वासानंसुद्धा तोंड फिरवते. गोड तर सोडलंच तिनं, तिला झणझणीत लागतं. विजयश्रीची तेव्हा दुसरी पाळी होती. ती आली तेव्हा तेजू झोपली होती, मी सगळं पुसून धुऊन टाकलं होतं, आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणते, पण चार वर्षं?

विजयश्रीनं सगळ्यांना विचारलं, तेवढं पोटच्या पोरीला विचारलं नाही. का विचारेल? आई ना ती! रोज हातात असतो त्या पार्टची यादी कोण बघतंय?

मी एक शब्द बोलले असते तर अर्ध्या तासात पाकिटं बदलली असती. मी पेन घेतलं, एकवीस खुणा केल्या, सही केली आणि म्हटलं, "बरोबर आहे सगळं." घरी येऊन ज्वारीचं पीठ काढलं आणि या वेळी गरम पाण्यात भिजवून, खरपूस भाजून, पूर्ण गार करून दहा धपाटे बॅगेत शालीखाली ठेवले.

महाबळेश्वरला थंडी म्हणजे हाडं वाजत होती. सकाळी सगळे सासूबाईंच्या खोलीत गोधड्या ओढून बसले. विजयश्रीनं किटली लावली, वाट्या मांडल्या, पाकिटं वाटली. पाच मिनिटांत खोलीभर फोडणीचा वास सुटला. "व्हय गं, झ्याक झालंय," सासूबाई म्हणाल्या. ज्ञानदेवराव वाटी चाटायचे बाकी राहिले. माझ्या पाकिटात उपम्याबरोबर वेगळी पुडी होती, शेंगदाण्याच्या चटणीची. कोरडी चटणी असल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. घास चांगला होता, म्हणून जास्तच जळजळलं.

मग तेजूनं झाकण काढलं आणि नाक दाबलं. "शी! मम्मी, यात दुधाची पावडर आहे?"

"अगं, शेवयांची खीर. तुझी आवडती."

"मी नाही खात खीर. केव्हापासून नाही खात. मोठ्या आईला माहितीये ना. तिला विचारायचं की!"

नवनाथला काय, जोक सुचला. "किटिंगवालीच्या घरचाच माल रिजेक्ट!" सगळे हसले. विजयश्रीही हसली, पण तिच्या हातातली किटली खाली ठेवताना दोनदा टेबलावर आपटली.

"मोठी आई," तेजू म्हणाली, "तू धपाटे आणलेत ना? तू आणल्याशिवाय राहणारच नाहीस."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. याच घटकेची मी वाट बघत होते. मी उठले, बॅग उघडली, डबा काढला. तेजूनं दोन धपाटे उभ्याउभ्या खाल्ले. गणराजनं एक उचलला. सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "थोरलीचं डोकं कसं बगा." जिंकले मी. आता तरी पोटात थंडावा पडायला हवा होता की नाही? नाही पडला.

थोड्या वेळानं बाहेर आले तर विजयश्री व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. हातात तेजूची वाटी. ती खीर खात होती, गार झालेली.

"कशाला खातेस? टाकून दे," मी म्हटलं.

"टाकायची कशाला, अन्न आहे." दोन घास झाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुम्ही तपासलं तेव्हा तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

नाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी म्हटलं, "आलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"जळत होते तुझ्यावर. सगळे विजू विजू करतात. माझ्याकडं ती एक न्याहारी होती, तीही तू घेतलीस."

मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती वाटीतच बघत होती. "मी किती जळते, माहितीये तुम्हाला?" ती म्हणाली. "सव्वापाचला बसमध्ये बसते तेव्हा तेजू तुमच्या पांघरुणात असते. दिवसभर मी नट मोजते. घरी आले की ती तुमच्याकडं बघून हसते आणि मला विचारते, मम्मी, उद्या कुठली शिफ्ट? चार वर्षांत एक वॉशर चुकला नाही माझा. आणि पोरगी काय खाते ते ठाऊक नाही."

मग रडली. आवाज न करता, कंपनीतल्या बाथरूममध्ये रडायची सवय असल्यासारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं काढला नाही.

थोड्या वेळानं तिनं पर्समधून वही आणि पेन काढलं. "सांगा," म्हणाली. "मला सगळं सांगा तिचं. पहिल्यापासून."

मी सांगत गेले. वांगं चालतं, पण बिया दिसल्या तर नाही. दही चालतं, दूध नाही. पोळीचा पापुद्रा आधी सोलून खाते. परीक्षेच्या दिवशी तिखटमिठाची भाकरीच लागते. अंधाराला भीत नाही, लिफ्टला भिते. विजयश्री खाली मान घालून लिहीत होती, दोन पानं भरली. एकेक गोष्ट सांगताना मला घरातलं एकेक भांडं उचलून समोरच्या दारात नेऊन ठेवल्यागत होत होतं.

"आणि आजारी पडली की?" तिनं विचारलं. "तेव्हा काय मागते?"

ताप आला की तेजूला ताकातल्या कण्या लागतात, पातळ, मीठ जरा जास्त. आणि त्या भरवाव्या लागतात. एरवी अंगाला हात लावू देत नाही ती आता, मोठी झाली ना. पण तापात माझ्या खांद्यावर डोकं टाकते आणि तोंड उघडते.

"आजारी पडल्यावर काही नाही," मी म्हटलं. "काहीच मागत नाही."

तिनं तेही लिहून घेतलं.