कुकरमधली सुरमई

आई मला परत गावी घेऊन गेली नाही, याचं श्रेय आमच्या घरमालकीण मावशींचं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्यांच्या गोंधळाबद्दल लिहिणार आहे, तेव्हा कुणाचा गैरसमज नको. या जगात कच्चं म्हणून काही राहू द्यायचं नाही, असा विडा उचलूनच मावशी जन्माला आल्या असाव्यात. दूध त्या इतकं उकळतात की बिचाऱ्याला आपण दूध होतो हेच आठवत नसेल. टरबूज तेवढं त्या नाइलाजानं कच्चं खातात, तेही शंका घेत. माणसांचंही तसंच. मला मिशा फुटून बरीच वर्षं झाली, पण मावशींच्या हिशेबी मी अजून अर्धा कच्चाच. मी बिडकीनला कंपनीत लागलो तेव्हा पहिल्याच सकाळी त्या गाडीपर्यंत आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, आमचं लेकरू झोपतं गाडीत. बिडकीन आलं की हाक मारा त्याला." तेव्हापासून बिडकीन आलं की अख्खी गाडी ओरडते, "लेकरू, उतरा!"

मी देवगडकडचा. नववीत शाळा सोडली, इकडं तिकडं हातपाय मारले आणि शेवटी समुद्रापासून इतक्या लांब येऊन टेकलो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईनं माझी हाडं मोजल्यासारखं बघितलं. मग फोनवर सांगितलं, "मे महिन्यात येतंय. हाल दिसले तर वांगडाच घेवन जातलंय." म्हणजे सोबतच. मामाच्या होडीवर जागा तयार होती. इथं कंपनीत कायम व्हायची बोलणी चाललेली. नववी नापास पोराला अशी संधी काय रोज येते? माझी झोप उडाली. मावशींनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे की. तुझ्या आईला मासेच करून घालू. पोराला काय कमी हाय, बघू दे डोळ्यानं."

मावशी मूळच्या फुलंब्रीकडच्या. घरात मटण व्हायचं, पण समुद्राचा मासा त्यांनी जन्मात शिजवला नव्हता. तरी बाजारात पुढं त्याच. सुरमई बघून म्हणाल्या, "मुंडी काढून तोला." मासेवाला कळवळला, "अम्मा, मुंडी निकालके तोलूं तो मेरे पास क्या बचेंगा?" "मुंडी बचेंगी की!" मावशी म्हणाल्या.

घरी आल्यावर मी बजावलं, तुकड्यांना नुसतं मीठ-हळद लावून ठेवा, शिजवायला मी येतोच. आणि आईला आणायला स्टँडवर गेलो. तिथं गाडीला उशीर. परतलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कुकरची शिट्टी ऐकू आली. आईला मागंच सोडून मी धावत आत गेलो.

"मावशी, कशाची शिट्टी?"

"तुझ्या माशाची. मटणाएवढ्याच दिल्या. पाहुण्याला काय कच्चं घालू व्हय?"

झाकण उघडलं तर आत काळ्या मसाल्याचा रस्सा, दाट व्हावा म्हणून वर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसाल्याचं पीठ, आणि तुकडा म्हणून औषधालाही नाही. आता होडीच, असं मी मनाशी म्हणालो.

आम्ही जेवायला बसलो. आईनं रश्श्यात भाकरी फिरवली, पुन्हा फिरवली. "बाये, मासो खंय गेलो?"

"गेला कुठं नाय, ताई," मावशी ठामपणे म्हणाल्या, "सगळीकडं हाय."

आईनं ओठ दाबून धरले. मी खाली मान घालून भाकरी चुरायला लागलो, तोच मावशी माझं ताट स्वतःकडं ओढून चष्मा सावरत बसल्या. मासा विरघळला होता, काटे नव्हते विरघळले. त्या बोटांनी चाचपून एकेक काटा ताटाच्या कडेला काढत होत्या. शेजारी सोललेलं केळ तयार, घशात अडकलंच तर गिळायला. "हळू खाय रं. लई वंगाळ असतेत हे काटे."

पाळण्यात असल्यापासून काटे काढून खाणारा मी! लाजेनं आईकडं बघितलं. ती जेवायची थांबली होती. ओठ दाबलेलेच होते, पण आता हसू आवरण्यासाठी नाही. मग तिनं आणखी रस्सा मागून घेतला आणि म्हणाली, "ह्येका हंयच ऱ्हवांदे. माझ्यापरास जास्त काळजी घेणारा मानूस आसा हंय."

मी इथंच राहायचं, हे ठरलं; मावशींना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी तिच्या ताटातलेही काटे काढायला घेतले.

मुक्काम संपवून आई गेली. संध्याकाळी पायरीवर बसून मावशींनी विचारलं, "तुमच्या समुद्राचा दुसरा काठ दिसतो का रं?" मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "येवढं पाणी बघावं एकदा."

मी कायम झालो की पहिली मोठी सुट्टी त्यांचीच. खिडकीची जागा त्यांना देईन. समुद्र आला की हाक मारीन, आणि आईच्या हातची सुरमई त्यांच्यापुढं आली की काटे मी काढीन.