वन्संच्या नायकाचे दात

आमच्या वन्संइतकी विसराळू बाई अख्ख्या पुण्यात सापडायची नाही, आणि त्यांच्याइतकी पोरांची लाडकी लेखिकाही नाही. हे दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला यावं, हा माझ्यावरचा अन्याय आहे असं मी गेली कित्येक वर्षं मानत आले आहे. कारण लेखिका मला व्हायचं होतं. वन्संना शिवणाचा क्लास काढायचा होता. तो काढायचं त्या विसरल्या.

वारज्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कादंबरी लिहिली जाते ती लेकाच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेल्या, कडेला भोकं असलेल्या पाठकोऱ्या कागदांवर. पहिलं प्रकरण पोळ्यांच्या डब्याखाली, पाचवं लोकरीच्या पिशवीत. दर शनिवारी मी जाते, भोकांच्या पट्ट्या फाडते, पानांना नंबर घालते आणि यादी करते: कोणाचं वय काय, कुत्र्याचा रंग कोणता. न करून चालत नाही. एका कादंबरीत नायकाचा पुढचा दात तिसऱ्या प्रकरणात पडला, सातव्यात पडला आणि अकराव्यात, खडकवासल्याच्या सहलीत, पुन्हा पडला. मी कागद नाचवत विचारलं, "अहो वन्सं, हा मुलगा आहे की मगर?"

"दोन काढून टाक की. कुठले ते तू बघ. फक्त सहलीतला राहू दे, तिथे तो रडत नाही."

मी तिसऱ्यातला आणि सातव्यातला काढला. पुस्तक आलं आणि नारायण पेठेतल्या एका मुलीचं पत्र आलं, 'माझा पण दात पडला, मी पण रडले नाही.' वन्संनी ते कौतुकानं मला दाखवलं आणि लगेच हरवलं. मी शोधून फाइलला लावलं. सातव्या प्रकरणाबद्दल मला कोणी पत्र लिहिलं नाही.

मग केबल आली, चॅनेलं वाढली, प्रत्येकाला मुलांची मालिका हवी झाली आणि वन्संच्या दारात गाडी उभी राहू लागली. एकदा चॅनेलच्या बाई फारच अदबीनं म्हणाल्या, "मॅडम, पाचव्या एपिसोडमध्ये आजोबा एक्स्पायर झालेत, आणि आठव्यात ते पतंग उडवतायत."

"मग काय करू? गच्चीवर पोरांबरोबर दुसरं कोणी मोठं माणूसच नाही."

आजोबांना पाचव्यात नुसता ताप आणा, हे मी सुचवलं. "थँक्यू हं, काकू," बाई मला म्हणाल्या. मालिका लागली तेव्हा मी चष्मा लावून शेवटच्या पाटीपर्यंत बसले. लेखन: वन्सं. काकू कुठेच नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी मी वही काढली. आधी आराखडा, मग पात्रं, आणि आठ दिवसांत गोष्ट तयार. एक मुलगी दिवसभर घरात एकटी राहते आणि सगळी कामं शहाण्यासारखी करते. वन्संनी चहा गार होऊ देऊन ती दोनदा वाचली.

"वहिनी, यात एकसुद्धा चूक नाही गं."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली.

"ही एकटी असताना कशाला घाबरते?"

"ते गोष्टीत नाही."

"पण तुला माहितीये."

माहीत होतं. त्या घरातल्या कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात, तेही माहीत होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

"तेवढं लिहून आण," त्या हळूच म्हणाल्या.

अजून नेलेलं नाही. दर शनिवारी त्यांच्या पानांना नंबर घालताना मात्र हात मध्येच थांबतो. त्यांच्या गोष्टींतली मुलं सारखी घाबरतात, आणि कोणीतरी येऊन त्यांच्याजवळ बसतं. तेवढं पान मी सावकाश वाचते.