वेग माहीत नाही

साधं उत्तर घेऊन आलेल्या माणसाला पुरतं गोंधळवून परत पाठवण्यात आमच्या काकाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता. ते माझे नात्याने कुणी लागत नव्हते. ऐंशीच्या दशकात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरची एक थंडगार खोली होती आणि कुणीही लिहिलेला प्रोग्राम काकाजींनी तपासल्याशिवाय त्या खोलीत शिरत नसे. वयाने आणि हुद्द्याने मोठे, म्हणून सगळे त्यांना काकाजी म्हणत. कामठीहून रोज बसने येत. कंडक्टरला विचारत, "सदरले कधी पोचते गा?" तो म्हणे, "दहाले." "काल कधी पोचली?" यावर कंडक्टर हात जोडून म्हणे, "काकाजी, बसा न जी!" ऑफिसखालच्या पोहेवाल्याला ते विचारत, "गरम आहेत का?" तो म्हणे, गरमच आहेत. "तुनं खाऊन पाहिले का?" तो बिचारा घासभर खाऊन दाखवी. मग पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीने काकाजींच्या डोळ्यांतून पाणी येई आणि तिखट आहेत का हे विचारायचं राहून गेलं, म्हणून ते दुपारपर्यंत हळहळत.

मी तिथे नवा होतो, नोकरी अजून पक्की व्हायची होती. आमचं मशीन टेलिफोनच्या तारेने मुंबईच्या मुख्य कार्यालयाला जोडलेलं होतं आणि त्या तारेवरून हिशेब किती वेगाने जातायत, हे पडद्यावर दिसायचं. पण तो आकडा सकाळी लाइन जुळताना दिसे तोच दिवसभर राही. दुपारी वेग अर्ध्यावर आला, फार काय लाइन तुटली, तरी पडदा आपला सकाळचाच आकडा दाखवत बसे. मशीनच्या गाभ्यात बसून, मशीनला तारेशी जोडणाऱ्या मोडेमशी बोलणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. (माझ्या आईने हा शब्द ऐकून शेजारणीला सांगितलं होतं की, पोरगा ऑफिसची जीप चालवतो.) हा ड्रायव्हर दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला दर वेळी मोडेमला नवा वेग विचारायला लावलं आणि लाइन तुटली असेल तर शून्य दाखवायला सांगितलं. बदल इवलासा. कागद घेऊन मी मोठ्या ऐटीत काकाजींसमोर उभा राहिलो.

"हे शून्य काहून?" काकाजी म्हणाले.

"लाइन बंद असली की वेग शून्य, काकाजी."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली एक सायकलरिक्षा उभा होता. "याचा वेग किती?"

"शून्य."

"आणि जो रिक्षा आलाच नाही, त्याचा?"

मी रिक्षाकडे पाहिलं, मग न आलेल्या रिक्षाच्या जागेकडे पाहिलं. काकाजी खुर्चीवर जाऊन बसले होते. "आणि हा आकडा कोण कोण वाचते, ते पाहून ये."

"ऑपरेटर वाचतो."

"अजून?"

अजून कोण वाचणार? तरी शोधलं, तेव्हा कळलं की हिशेब पाठवायला किती वेळ लागेल हे काढणारा आमचाच एक जुना प्रोग्राम त्या वेगाने भागाकार करत होता. शून्याने भागायची वेळ आली असती तर तो जागच्या जागी कोसळला असता आणि अर्धे पाठवलेले हिशेब लटकले असते. मी शून्य काढून 'माहीत नाही' या अर्थाने उणे एक टाकला. चाचणीसाठी लाइन काढली, तर वेळही उणे निघाला आणि पडद्यावर आलं की काम सुरू होण्याआधीच संपलेलं आहे. काकाजी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "अगोदरच पोचलं म्हणते गा! आपल्या बसले लाव हे!"

इकडे मुंबईचे साहेब फोनवर तापले होते. इतक्याशा बदलाला किती दिवस, असलं पोरगं पक्कं करावं की नाही, असं त्यांनी विचारलं. काकाजींनी माझ्या हातातला फोन घेतला. "सायेब, पोरगं बरोबर करून राहिलं. अडवून मी राहिलो. रागवाचं तर माह्यावर रागवा." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "आता ते भागाकारवालं दुरुस्त कर." मी त्या प्रोग्रामला उणे एक दिसला की भागाकार न करता 'वेग माहीत नाही' एवढंच लिहायला लावलं.

पुढे साहेब स्वतः नागपूरला आले आणि नेमकी ते खोलीत असतानाच लाइन गेली. पडद्यावर आलं: वेग माहीत नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसऱ्या लाइनवरून मुंबईला फोन लावला. तिथे अजून जुनाच ड्रायव्हर होता. तिकडून सांगितलं, लाइन उत्तम आहे, वेग पूर्ण आहे. "बघा," साहेब आम्हाला म्हणाले, "मुंबईला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत नाही!" तुटलेल्या लाइनसमोर उभा राहून माणूस हे बोलत होता. क्षणभर मलाही वाटलं की मुंबईचंच खरं असेल. काकाजींनी नम्रपणे विचारलं, "सायेब, मंग मुंबईले काही पाठवून पाहू का?" पाठवलं. काहीच गेलं नाही. साहेबांनी चहा मागवला. महिनाभराने माझी नोकरी पक्की झाली आणि तोच बदल मुंबईच्या मशीनवरही चढला.

काकाजी निवृत्त झाल्यावर एका रविवारी मी कामठीला त्यांच्या घरी गेलो. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. काकूंनी पानात जे वाढलं ते काकाजी निमूट जेवले. गरम आहे का, तिखट आहे का, काहीच विचारलं नाही. मी चकित होऊन काकूंकडे पाहिलं. "घरी काहीच विचारत नाहीत वाटतं?"

"कधीच नाही," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं की झालं. मले तर वाटते, यायले काही समजतच नाही."

काकाजी ताटात बघून हसले. मी मात्र पार गोंधळलो. ऑफिसात ज्यांनी मला ओळीओळीला अडवलं, ते हेच का?

बसथांब्यापर्यंत ते सोडायला आले. उन्हात टोपी सारखी करत म्हणाले, "पुन्हा येशील का गा?"

"येईन ना, काकाजी."

बस सुटेपर्यंत मी खिडकीतून त्यांच्याकडे पाहत राहिलो. आता ते विचारतील, कधी? त्यांनी विचारलं नाही. घरी काकूंचं ऐकत तसं माझं ऐकून नुसती मान डोलावली आणि बस वळेपर्यंत हात वर धरून उभे राहिले.