अक्कांच्या पदरातलं मीठ

पाऊस येणार की नाही हे पाहायला ड्रिल-अक्का आभाळाकडे कधी बघत नसत. पदराच्या टोकाला बांधलेले मिठाचे खडे चिमटीत चुरून बघत. मीठ बोटांना चिकटलं की चालणं बंद. "आभाळ नाटक करतं, उप्पु नाही करत," असं त्या आपल्या कानडीमिश्रित मराठीत ठासून सांगत.

आमच्या शाळेत त्या कवायत शिकवत आणि मी भूगोल. पावसाचे धडे मी घोकवून घ्यायची, पाऊस कळायचा त्यांना! नजरबाद मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात पणजोबांची फौजेतली तलवार होती. तिच्या मुठीला अक्का ओली छत्री अडकवत.

दसरा आटोपला की आम्ही दोघी कावेरीच्या उगमाला, तळकावेरीला, पायी निघायचो. अक्कांच्या आईचा तो राहून गेलेला नवस. त्यासाठी आईनं घेतलेली रेशमी साडी मेणकापडात गुंडाळून अक्का पाठीवर न्यायच्या. "पोचल्यावर नेसायची." पण एकदा हुणसूरलाच पावसानं गाठलं, एकदा मडिकेरीहून धुक्यानं परत पाठवलं. मला मात्र ते धुकं फार आवडायचं. कॉफीच्या मळ्यांमधून अक्कांच्या कॅनव्हासच्या बुटांचा तेवढा आवाज यायचा, आणि आपण चालतोय की झोपलोय तेच कळायचं नाही.

तिसऱ्या वर्षी भागमंडल गाठलं. शेवटचा चढ उरला. अक्कांचे गुडघे बोलायला लागले होते, बोटंही बधिर झाली होती. पुढल्या वर्षी जमणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी पदराची गाठ माझ्यापुढे धरली.

"नोड गे, बघ, उप्पु कसं आहे?"

मीठ ओलं होतं. "कोरडं आहे, अक्का," मी म्हणाले.

अर्ध्या चढावर पावसानं झोडपलं. वारा असा, की मी लटलट कापायला लागले, पाय उचलेना. अक्कांनी मेणकापड सोडलं, त्या साडीची घडी मोडली आणि मला तिच्यात गुंडाळलं. मी रडत रडत खरं सांगून टाकलं.

"स्वल्प हळू उतर," माझा हात धरून त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला. मलाही जायचंच होतं की गे."

पुढच्या दसऱ्याला अक्का नव्हत्या. साडी त्यांनी माझ्या नावानं ठेवली होती. मी एकटीच चालत गेले. वाटभर माझ्या पदरातलं मीठ कोरडं होतं. वर कुंडापाशी ती साडी नेसले. पदरावर चिखलाचा डाग तसाच होता. ऊन लख्ख पडलं होतं आणि मला अक्का हव्या होत्या.